ठरावातली सात मिनिटे

स्कार्व्हॉय बेटावरच्या समाजघरातले भिंतीवरचे घड्याळ सात मिनिटे पुढे असते. ते बिघडलेले नाही, तसा ठराव आहे. फार वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात अर्ध्या बेटाची फेरीबोट चुकली, एक बाई बाळंतपणाच्या कळा देत धक्क्यावरच अडकून पडली, आणि पुढच्या वार्षिक सभेत सगळ्यांनी हात वर करून ठरवून टाकले की बेटाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची सर्व घड्याळे सात मिनिटे पुढे राहतील. तेव्हापासून बेटावरचा प्रत्येक माणूस त्या घड्याळाकडे बघतो, मनातल्या मनात सात वजा करतो आणि कॉफीचा आणखी एक कप ओतून घेतो. म्हणजे ठरावाचा उपयोग शून्य. पण तो रद्द करा म्हणायला कुणी उभा राहिला तर त्याची धडगत नाही. फसतात ते फक्त पलीकडून येणारे पाहुणे.

गुन्व्होर हेल्लेस्विक ही या मंडळाची अध्यक्ष. बेटावरची शाळा बंद झाली तेव्हा तिथली शेवटची शिक्षिका तीच होती, त्यामुळे बेटावरचे निम्मे लोक तिच्यापुढे अजूनही पाठ सरळ करून बसतात. त्या मार्च महिन्यात तिच्यापुढे एकच काम होते, दुकानाला माणूस शोधणे. दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्या बोर्गहिल्डचे गुडघे गेले होते आणि दुकान मंडळाच्या मालकीचे होते. दुकान बंद पडले तर फेऱ्या कमी होणार, फेऱ्या कमी झाल्या तर माणसे जाणार, हे सांगायला कुणी जाणकार लागत नव्हता. अर्ज मेलने मागवले होते, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. बारा म्हणजे बारा, उशिरा आलेला उघडायचाही नाही. मागे एकदा मासेमारीच्या जागांसाठी उशिरा आलेल्या अर्जावरून भावाभावांत बोलणे बंद झाले होते, तेव्हापासून मंडळ याबाबतीत फार कडक.

अर्ज आले दोन. एक रासाचा. रासा आणि तिचा नवरा मिन्दौगास लिथुआनियाहून येऊन सहा वर्षे इथल्या मासळीच्या कारखान्यात राबत होती, आणि कारखान्यात आता एक पाळी बंद होणार होती. दुसरा अर्ज सिन्द्रेचा. सिन्द्रे म्हणजे गुन्व्होरचा एकुलता एक मुलगा. बर्गेनला संगणकाच्या नोकरीत कंटाळलेला, बायकोपासून वेगळा झालेला, आणि आपल्या मुलीला, तुव्हाला, घेऊन बेटावर परत यायचे म्हणणारा.

शुक्रवारी दुपारी समाजघरात मंडळाने मेलपेटी उघडली. सिन्द्रेचा अर्ज बाराला दोन मिनिटे कमी असताना आलेला. रासाचा बारा वाजून दोन मिनिटांनी.

"उशीर झाला बिचारीला," बोर्गहिल्ड म्हणाली आणि वॅफलवर तपकिरी चीज ठेवून मोकळी झाली.

गुन्व्होरला आनंद झाला होता. इतका, की त्याची तिला लाज वाटली आणि ती लाज लपवायला ती कप गोळा करायला उठली. मुलाचे नाव असल्याने ती मतदानातून बाजूला होणारच होती, पण आता मतदानाची गरजच उरली नव्हती. घरी माडीवरच्या खोलीत तुव्हासाठी निळे पडदे शिवून तयार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रासा गुन्व्होरच्या दारात उभी राहिली. बेटावर सगळे सगळ्यांना अरेतुरे करतात, पाद्रीसुद्धा सुटत नाही, आणि रासाही ते कधीच शिकली होती. पण त्या दिवशी तिने दारातच सांगून टाकले, "मी आत येत नाही. तुम्ही फक्त हे बघा."

त्या 'तुम्ही'ने गुन्व्होरला गालावर चापट बसल्यासारखे झाले.

रासाने फोन पुढे धरला. पाठवलेला अर्ज, वेळ बाराला पाच कमी. "मी पाठवला तेव्हा मिन्दौगास शेजारी उभा होता. तो म्हणाला, आता श्वास घे. आणि तुमच्या यंत्रात तो बारा दोनला आला. समाजघर माझ्या खिडकीतून दिसतं. सात मिनिटं काय करत होता माझा अर्ज? मासे धरत होता?"

"मेल कधीकधी वाटेत अडकतात, रासा."

"अडकतात. आणि कुणाचा अडकायचा हे त्यांना बरोबर कळतं." तिने फोन खिशात टाकला. "त्या यंत्राच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली एइलर्टकडे असते, हे रासाला माहीत होते. सगळ्यांनाच माहीत होते. उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

मंडळाचा सर्व्हर समाजघराच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्या आणि ख्रिसमसच्या दिव्यांची खोकी यांच्या मध्ये घुरघुरत असतो. बेटावरच्या प्रत्येकाची मेल त्यातून येते-जाते. तो वीस वर्षांपूर्वी दोघांनी उभा केला. एइलर्ट तेव्हा फेरीबोटीवर होता आणि सिन्द्रे शाळेत. सिन्द्रेने डोके चालवले आणि एइलर्टने तारा ओढल्या. एइलर्ट सिन्द्रेचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरणारा माणूस. गुन्व्होरचा नवरा समुद्रात बुडाल्यानंतर त्या पोराला होडी वल्हवायला त्यानेच शिकवले. आता एइलर्ट निवृत्त झाला होता आणि त्या यंत्राची निगा तोच राखत होता. गेल्या शरदापासून यंत्राचे घड्याळ मागे पडायला लागले होते. मेलवर चुकीच्या वेळा यायच्या, लोक कुरकुरायचे. म्हणून गुन्व्होरनेच त्याला सांगितले होते, दर शुक्रवारी सकाळी घड्याळ नीट लावत जा.

ती थेट त्याच्या घरी गेली. तो अंगणात जाळी विणत बसला होता.

"एइलर्ट, काल सर्व्हरचं घड्याळ लावलंस?"

"लावलं की. तूच सांगितलंयस."

"नीट लावलंस?"

त्याने सुई थांबवली. तिच्याकडे न बघता म्हणाला, "यंत्र म्हातारं झालंय, गुन्व्होर. त्याच्या घड्याळावर काय जातेस? सोमवारी मी ते पलीकडे भंगारात देऊन येतो. नवीन घेऊ."

गुन्व्होरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वीस वर्षे या माणसाने त्या यंत्रावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली होती. नवे घ्यायचे म्हटले की त्याला ताप यायचा. आणि आज म्हणे भंगार.

"एवढी घाई कसली?"

"घाई कुठे? म्हटलं आपलं."

"किल्ली दे."

"कशाला?"

"अध्यक्ष आहे मी. दे."

त्याने किल्ली दिली, पण देताना हात थोडा रेंगाळला. तिने ते पाहिले. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज टिपलेली बाई ती.

ती तडक समाजघरात गेली आणि यंत्राच्या पडद्यावरची वेळ आपल्या फोनशी ताडून पाहिली. वेळ बरोबर होती. अगदी बरोबर. तिला आधी हायसे वाटले आणि मग जास्तच विचित्र वाटले. महिनोन्‌महिने जे यंत्र कधी धड वेळ सांगत नव्हते, ते नेमके अर्ज आल्यानंतर सज्जन झाले होते. मग रासाची सात मिनिटे गेली कुठे? कुठेतरी पाणी मुरत होते. तिने खोलीला कुलूप घातले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

रविवारी चर्चमध्ये लोक नेहमीसारखेच बसले, पण बोलणे नेहमीसारखे नव्हते. गुन्व्होर जवळ आली की विषय हवामानावर जायचा. एइलर्टचा धर्मपुत्र, गुन्व्होरचा मुलगा, एइलर्टच्या हातात किल्ली, गुन्व्होरच्या हातात मंडळ. दोन आणि दोन चार करायला बेटावर सगळ्यांना येत होते, तिनेच शिकवले होते. तिला राग आला तो एइलर्टचा. पोराच्या प्रेमापोटी या माणसाने हे केले असेल, आणि केले ते तिच्या तोंडाला काळे फासून. तिने त्याला रविवारच्या जेवणाला बोलावले नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या टेबलावर एकच ताट होते, आणि तिला जेवण गेले नाही.

मंगळवारी गुन्व्होरने बोलावलेला तंत्रज्ञ पलीकडून आला. योस्टाइन त्याचे नाव, तरतरीत माणूस, पण खोलीत शिरल्याबरोबर त्याने यंत्राकडे असे पाहिले जसे लोक दुसऱ्याच्या आजारी कुत्र्याकडे पाहतात.

"हे अजून चालतंय?" तो म्हणाला. "मला वाटलं होतं ही जात संपली."

एइलर्टही आला होता. त्याला कुणी बोलावले नव्हते. तो कॉफीचा कप घेऊन दाराला टेकून उभा राहिला.

योस्टाइनने झाकण उघडले, आत बोट घातले, मग बराच वेळ पडद्यावर काहीतरी टाइप करत राहिला. शेवटी खुर्ची फिरवून म्हणाला, "हं. यातली छोटी बॅटरी मेलीय. वीज गेली की हे वेळ विसरतं. ते एक. पूर्वी हे बाहेरच्या मोठ्या घड्याळांना वेळ विचारून स्वतःला सावरायचं. शरदात तुमच्याकडे इंटरनेटचा नवा डबा बसला ना? तो ह्याचा प्रश्न बाहेरच जाऊ देत नाही. हे बिचारं विचारत बसतं, उत्तर येत नाही, मग आपल्या मनाने चालतं आणि मागे पडतं. नवी बॅटरी घाला, डब्यात एक परवानगी द्या, झालं. अर्ध्या तासाचं काम."

"पण त्या दिवशी ते मागे नव्हतं," गुन्व्होर म्हणाली. "रासाच्या अर्जाला सात मिनिटं पुढची वेळ लागली."

"तो यंत्राचा दोष नाही. ते कुणाच्या तरी हाताचं काम आहे. शुक्रवारी घड्याळ हाताने फिरवलंय. दोनदा."

गुन्व्होरने एइलर्टकडे पाहिले. तो कपात बघत होता.

"सकाळी एकदा," योस्टाइन पुढे म्हणाला, "इथल्याच कीबोर्डवरून. खऱ्या वेळेच्या बरोबर सात मिनिटं पुढे. कुणी लावलं?"

"मी," एइलर्ट म्हणाला.

"कुठल्या घड्याळावरून?"

एइलर्टने कपानेच बाहेर सभागृहातल्या भिंतीकडे खूण केली.

गुन्व्होर ओरडलीच. "ते? एइलर्ट, ते सात मिनिटं पुढे आहे! पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे!"

"ठाऊक आहे. ठराव आहे." तो ताठ उभा राहिला. "मंडळाची सर्व घड्याळं. सर्व म्हणजे सर्व. हे यंत्र कुणाचं आहे? मंडळाचं. पूर्वी ते स्वतःची वेळ बाहेरून आणायचं, त्याला मी काही करू शकत नव्हतो. आता माझ्या हातात आलं, तर मी ठरावाप्रमाणे लावलं. त्या ठरावासाठी मी स्वतः हात वर केला होता. तूसुद्धा."

योस्टाइन हसायला लागला तो थांबेचना. डोळे पुसत त्याने तो ठराव दोनदा विचारून घेतला. गुन्व्होरलाही हसू आले. तिचा जीव भांड्यात पडला होता. कपट नव्हते, फक्त एइलर्ट होता, आपला हट्टी, सरळ, ठरावाला जागणारा एइलर्ट. रासाचा अर्ज वेळेत होता, म्हणजे दोन्ही अर्ज वेळेत होते, मंडळ बसेल आणि ठरवेल. किती सोपे होते सगळे. तिला त्याला न दिलेल्या रविवारच्या जेवणाचे वाईट वाटले.

"पण मग," योस्टाइन हसू आवरत म्हणाला, "दुपारी ते परत बरोबर कुणी केलं?"

"मीच," एइलर्ट म्हणाला. फार पटकन म्हणाला. "सातचं लक्षात आलं. दुपारी येऊन नीट केलं."

"दुपारी कधी?"

"बाराच्या जरा आधी."

गुन्व्होरचे हसू जागच्या जागी थिजले. शुक्रवारी बाराच्या आधी एइलर्ट तिच्या घरी शिडीवर उभा होता. तुव्हाच्या खोलीत पडद्याचा दांडा बसवत होता. तोंडात दोन स्क्रू धरून तो काहीतरी गुणगुणत होता आणि ती खालून म्हणत होती, डावीकडून जरा वर घे. तिथून ती दोघे बरोबरच समाजघरात आली होती.

तो खोटे बोलत होता. तिच्या तोंडावर, तिला ठाऊक आहे हे ठाऊक असताना.

"इथून केलं की बाहेरून, तेही कळेल," योस्टाइन पडद्याकडे वळत म्हणाला. "थांबा हं."

"तुझी फेरी!" एइलर्ट ओरडला. "चार मिनिटं राहिली!"

योस्टाइनने दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, हत्यारे पिशवीत कोंबली आणि दाराकडे झेपावला. सात मिनिटांचा ठराव ऐकून आत्ताच पोट धरून हसलेला माणूस, पण काटा बघितल्यावर तोही पळाला. "सगळं ओळीने लिहिलेलं आहे," तो जाताजाता म्हणाला, "नुसतं खाली जात राहा. बॅटरी पोस्टाने पाठवतो!" खिडकीतून तो उतारावरून धावताना दिसला. फेरी अजून समोरच्या किनाऱ्यावरूनही निघाली नव्हती.

गुन्व्होर खुर्चीत बसली.

"राहू दे, गुन्व्होर," एइलर्ट म्हणाला.

तिने राहू दिले नाही. चष्मा नाकावर घेऊन ती एक एक ओळ खाली जात राहिली. यंत्र जसे घडेल तसे लिहीत जाते, एकाखाली एक. ते वेळेची पर्वा करत नाही, फक्त आधी काय आणि नंतर काय एवढेच त्याला कळते. बारा वाजून दोन मिनिटे, रासाचा अर्ज आला. त्याच्या खाली, बाहेरून, इंटरनेटवरून, एकजण यंत्रात आला, नाव सिन्द्रे. त्याच्या खाली, सिन्द्रेने घड्याळ सात मिनिटे मागे घेतले. आणि त्याच्याही खाली, बाराला दोन कमी असताना, सिन्द्रेचा अर्ज आला.

मेलपेटीने वेळेप्रमाणे लावून सिन्द्रेला पहिला दाखवला होता. खरे तर तो दुसरा होता.

"तुला कधी कळलं?" तिने विचारले.

"शुक्रवारी संध्याकाळी. अर्ज उशिरा आला म्हटल्यावर मला माझ्या सात मिनिटांची आठवण झाली. बघायला आलो, तर हे."

"म्हणून भंगार."

"म्हणून भंगार." तो तिच्या शेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसला. "तू पडदे शिवले होतेस, गुन्व्होर."

तिने सिन्द्रेला तिथूनच फोन लावला. एइलर्ट उठून बाहेर गेला आणि दार ओढून घेतले.

"आई! तुव्हाने आत्तापासून बॅग भरलीय," सिन्द्रे म्हणाला. "त्यात सगळी खेळणीच आहेत, कपडा एक नाही."

"शुक्रवारी तू इथल्या यंत्रात आला होतास."

तो म्हणाला, "हो, आलो होतो. तूच म्हणत होतीस, मेलच्या वेळा चुकतात. म्हटलं अर्ज पाठवायच्या आधी बघावं. माझं नाव त्यात अजून आहे, कुणी काढलंच नाही. बघतो तर घड्याळ सात मिनिटं पुढे! लगेच कळलं, हे एइलर्टचं काम. तसाच पाठवला असता तर बारा वाजून गेल्याची वेळ लागली असती. म्हणून बरोबर केलं. मी घड्याळ फक्त बरोबर केलं, आई. चूक होतं, बरोबर केलं. त्यात खोटं काय आहे?"

"रासाची ओळ दिसली तुला?"

"आई..."

"वरचीच ओळ होती, सिन्द्रे. दिसली का?"

"दिसली."

"मग?"

"मग काय? तिचा अर्ज उशिरा आला असं मी कुठे म्हटलं? तुम्ही म्हणालात. मंडळाने ठरवलं." त्याचा आवाज चढला आणि लगेच मऊ झाला. "ऐक. घड्याळ एइलर्टने चुकवलं, हे खरं आहे ना? तेवढंच सांग. दोन्ही अर्ज वेळेत धरा, बसा, ठरवा. मत तर तू देणारच नाहीस. एक शब्दसुद्धा खोटा होणार नाही. बाकीचं वाचायला तिथे कोण जातंय? आई, मला इथे श्वास घेता येत नाहीये. मला घरी यायचंय."

तिला त्याला घरी आणायचे होते. दुसरे काही तिला इतके कधी हवे झाले नव्हते. ती म्हणाली, "तू अर्ज मागे घे. मग काहीच सांगावं लागणार नाही."

"नाही घेणार," तो म्हणाला. "माझा अर्ज वेळेत आहे."

बुधवारी संध्याकाळी समाजघर भरले. रासा आणि मिन्दौगास पहिल्या रांगेत बसले होते, कोट न काढता. गुन्व्होर काय बोलायचे ते घरून ठरवून आली होती आणि वाटेत तिने ते दोनदा बदलले होते. ती उभी राहणार तोच एइलर्ट पुढे आला. त्याच्याकडे खोलीची दुसरी किल्ली होती, हे तिला ठाऊकच नव्हते. ती त्याने टेबलावर ठेवली.

"घड्याळ मी चुकवलं," तो लोकांकडे तोंड करून म्हणाला. "सात मिनिटं पुढे लावलं. रासाचा अर्ज वेळेत होता. यापुढे यंत्राला मी हात लावणार नाही."

कुजबुज उठली. रासाने विचारले, "मुद्दाम?"

"ठरावाप्रमाणे."

मागे कुणीतरी फिसकन हसले. बाकीचे हसले नाहीत. बोर्गहिल्डने मान हलवली आणि शेजारणीला म्हणाली, "ठरावाचं नाव बरं सापडलं ह्याला." एइलर्टच्या कानावर ते गेले. त्याचे कान लाल झाले.

एवढ्यावर भागत होते. त्याने सांगितलेला शब्दन्‌शब्द खरा होता. गुन्व्होरने फक्त मान डोलवायची होती, मंडळाने दोन्ही अर्ज उघडायचे होते, आणि एइलर्टने उरलेले आयुष्य बेटावर लबाड म्हणून काढायचे होते. आणि दर रविवारी तिच्या टेबलावर बसून त्याने बटाटे वाढून घेतले असते आणि त्याबद्दल एक अक्षर काढले नसते. हेच तिला सहन होईना.

"एइलर्ट, खाली बस," ती म्हणाली. वर्गातल्यासारखा आवाज लागला आणि तो खरेच बसला. "घड्याळ दोनदा फिरलं. सकाळी ह्याने चुकवलं, भाबडेपणाने. आणि तसं करायला त्याला मी सांगितलं होतं, कुठल्या घड्याळावरून ते न सांगता. दुपारी ते दुसऱ्याच माणसाने बरोबर केलं. त्या माणसाला रासाचा अर्ज चुकीच्या वेळेने पडलेला दिसला. त्याने घड्याळ स्वतःपुरतं बरोबर केलं, तिचं तसंच राहू दिलं आणि मग आपला अर्ज पाठवला. तो माझा मुलगा आहे. एइलर्टला हे शुक्रवारपासून माहीत होतं आणि माझ्यासाठी तो हे अंगावर घेत होता. आता तुम्ही ठरवा. मी बाहेर थांबते."

ती बाहेर पायरीवर उभी राहिली. वारा होता. फार वेळ लागला नाही. दुकान रासाला मिळाले, एकही हात विरोधात न उठता.

लोक पांगल्यावर रासा तिच्यापाशी आली. "हे कुणालाच कळलं नसतं," ती म्हणाली. "का सांगितलंस?"

"एइलर्टला कळलेलं होतं," गुन्व्होर म्हणाली.

रासाने जरा विचार केला आणि तिच्या दंडाला हात लावला. मग नवऱ्याबरोबर उतारावरून निघून गेली. टेबलावरच्या किल्ल्या आता दोन होत्या. गुन्व्होरने खिशातली काढून दुसरीशेजारी ठेवली होती आणि दोन्ही एइलर्टपुढे सरकवल्या होत्या. तो खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुसत होता.

"बरोबर लावू का हे?" त्याने विचारले.

"ठराव आहे," ती म्हणाली. "वार्षिक सभेत बघू."

रविवारी एइलर्ट जेवायला आला. दोघांनी कॉड खाल्ला, बटाटे खाल्ले, पडद्यांबद्दल कुणी बोलले नाही. सिन्द्रे दर रविवारी सहाला फोन करतो, बर्गेनला गेल्यापासून एकदाही चुकलेला नाही. जेवण आटोपले, कॉफी झाली, एइलर्टने ताटे विसळली. गुन्व्होर फोन समोर ठेवून बसली होती. तिने स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिले. सहा वाजून पाच मिनिटे. मनात सात वजा केले आणि तिला जरा बरे वाटले, अजून सहा वाजायचे आहेत.

एइलर्ट हात पुसत तिच्याकडे बघत होता. तिच्या घरातले घड्याळ मंडळाचे नव्हते. ते बरोबर होते, आणि हे दोघांनाही माहीत होते.